ऑफिस रिकामं पडलंय, मग मुलांच्या वर्गाला हरकत का?

पत्र आहे इंग्लंडमधून, लंडनच्या पश्चिमेला राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं. नाव-गाव अर्थातच देत नाही. त्या मूळच्या नाशिकच्या, गणिताच्या शिक्षिका. घरच्या डायनिंग टेबलावर चार मुलांपासून त्यांनी शिकवणी सुरू केली. आता दोन मैत्रिणींच्या भागीदारीत गणित, इंग्रजी आणि ग्रामर स्कूलच्या (निवडक मुलांना घेणाऱ्या सरकारी शाळांच्या) इलेव्हन प्लस प्रवेशपरीक्षेचे वर्ग चालतात, मुलं शंभराच्या वर गेली आहेत आणि चर्चचा भाड्याचा हॉल पुरत नाही. गावाबाहेरच्या बिझनेस पार्कमध्ये तळमजल्यावरचं एक ऑफिस कोविडपासून रिकामं आहे. एजंट म्हणाला, ‘क्लास ई आहे, काहीही चालतं.’ त्यांनी अनामत भरली. मग कळलं की जागेचा वापर बदलायला कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, परवानगी लागते. अर्ज केला, शेजारच्या सात कंपन्यांनी हरकती घेतल्या आणि अर्ज फेटाळला गेला. कारणं दोन दिली आहेत: रोजगाराची जागा कमी होते, आणि पार्किंग व मुलांची सुरक्षितता. एका हरकतीत ‘या लोकांचे क्लासेस’ असे शब्द होते, ते त्यांना फार लागले आहेत. नवरा म्हणतो, गुपचूप सुरू कर, दहा वर्षं निभावलं की कोणी काही करू शकत नाही, बघू पुढचं पुढे. एक भागीदारीण म्हणते, अपील कर. लँडलॉर्ड महिनाअखेरीस लीजवर सही मागतोय. त्या विचारतात: ‘सावित्रीबाईंना शेण-चिखल झेलावा लागला, आज आम्हाला ही हरकतपत्रं. शिक्षणाच्या कामाला लोक असे आडवे का येतात? आणि मी आता काय करू?’

प्रिय ताई,

आधी त्या तीन शब्दांबद्दल, कारण बाकीचं सगळं वाचताना तेच तुमच्या डोळ्यांसमोर नाचत असणार. ‘या लोकांचे क्लासेस’ हे शब्द वाईटच आहेत. त्यांचा दुसरा काही अर्थ लावून मी तुमची समजूत घालणार नाही. ते कौन्सिलच्या संकेतस्थळावर अजून दिसत असतील तर काढून टाका असं लेखी कळवा. वंशाबद्दल किंवा धर्माबद्दल शेरे मारणारा मजकूर कौन्सिलने प्रसिद्ध करायचा नसतो, आणि निर्णयात त्याला शून्य किंमत असते.

आता ते एक पत्र बाजूला ठेवा आणि उरलेली सहा पुन्हा वाचा. तुम्ही ती मला पाठवलीत म्हणून बरं झालं. मी पूर्वी इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यात, म्हणजे कोणती जागा कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या खात्यात, काम केलं आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून ही पत्रं कशी वाचली जातात ते मला ठाऊक आहे. सहापैकी एकानेही ‘शिकवू नका’ म्हटलेलं नाही. छपाईवाला म्हणतो, साडेचारला माझी दिवसाची शेवटची कुरिअर व्हॅन येते आणि ती मागे घेताना ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. किचन फिटिंगवाला म्हणतो, माझ्या गिऱ्हाइकांच्या जागा पालक अडवतील. एक बाई लिहितात की फोर्कलिफ्टच्या वाटेत उद्या एखादं पोर आलं तर जबाबदार कोण? हा शेवटचा प्रश्न द्वेषाचा नाही. तुम्हीही तो विचारला असता.

सावित्रीबाईंचा दाखला तुम्ही दिलात म्हणून थोडं स्पष्ट बोलते. १८४८ साली भिडेवाड्यात शाळा उघडली तेव्हा विरोध होता तो कोणाला शिकवायचं यावरून. मुलींनी आणि शूद्रातिशूद्रांनी शिकूच नये, असं म्हणणाऱ्यांचा तो विरोध होता. तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं कुठे आणि किती वाजता एवढ्यापुरतं आहे. पहिल्या प्रकारच्या विरोधापुढे ठाम उभं राहावं लागतं. दुसऱ्या प्रकारच्या विरोधाशी घड्याळ आणि नकाशा घेऊन बसता येतं, आणि बऱ्याचदा त्यात जिंकताही येतं. तुम्ही या दोन्हींची गल्लत केलीत, तर जिथे बोलणं शक्य आहे तिथेही लढाईच होईल. आपल्या घरांत शिक्षण म्हणजे पुण्यकाम, त्यामुळे ‘शिक्षणासाठी’ म्हटलं की समोरच्याने वाट द्यावी असं मनात कुठेतरी असतंच. पण प्लॅनिंगचा अधिकारी हेतू मोजत नाही, त्या हेतूने इमारतीवर आणि रस्त्यावर काय ताण येतो ते मोजतो.

एजंटाने सांगितलं ते अर्धं खरं होतं. १ सप्टेंबर २०२० पासून इंग्लंडमध्ये दुकानं, ऑफिसं, रेस्टॉरंटं, दवाखाने, जिम हे सगळं ‘क्लास ई’ नावाच्या एकाच मोठ्या वर्गात आलं, आणि त्या वर्गातल्या वर्गात वापर बदलायला परवानगी लागत नाही. पण शिक्षण त्यात नाही. ते ‘एफ-वन’ या वेगळ्या वर्गात आहे, आणि बहुतेक कौन्सिलं शिकवणीवर्गाला त्यातच धरतात. गंमत म्हणजे पाळणाघर आणि नर्सरी क्लास ई मध्ये बसतात. म्हणजे त्याच ऑफिसात दोन-तीन वर्षांची बाळं सांभाळायची असती तर तुम्हाला वापरबदलाचा अर्ज करावा लागला नसता, आणि दहा वर्षांच्या मुलाला अपूर्णांक शिकवायचे तर करावा लागतो. मला स्वतःला ही विभागणी पटत नाही. पण आज नियम हा आहे.

आणि क्लास ई हासुद्धा गृहीत धरू नका. इथले बरेचसे बिझनेस पार्क ऐंशी-नव्वदच्या दशकांत उभे राहिले आणि त्यांच्या मूळ परवानगीत कधीकधी अशी अट असते की ही इमारत फक्त ऑफिस म्हणूनच वापरायची, दुसऱ्या कशासाठी नाही. अशी अट असेल तर क्लास ईची मोकळीकही तिथे लागू होत नाही. मूळ परवानगीचं निर्णयपत्र कौन्सिलच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून शोधता येतं. शेवटच्या पानावरच्या अटी वाचा. एजंटाने ते पान उघडलं असेल असं मला वाटत नाही.

तुमच्या भागीदारीण म्हणतात की शेजारच्या गावात एक अकॅडमी शाळा थेट ऑफिसच्या इमारतीत गेली, मग आपल्यालाच का अडवतात. तिथे दुजाभाव झालेला नाही. २०१३ पासून सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांना अशी खास सवलत आहे. त्यांना पूर्ण अर्जाऐवजी ‘प्रायर अप्रूव्हल’ पुरतं, म्हणजे वाहतूक, आवाज, जमिनीतलं प्रदूषण अशा मोजक्याच मुद्द्यांवर तपासणी होते. खासगी शाळेला ती सवलत नाही, शिकवणीवर्गाला तर नाहीच. शाळांच्या गरजेला मोठं वजन द्यावं असं प्लॅनिंगच्या राष्ट्रीय धोरणात लिहिलेलं आहे, ते वाक्य तुमच्या अर्जात जरूर घाला. मात्र ते शाळांबद्दल आहे, तुम्हाला त्याचा आधार अर्धामुर्धाच मिळेल. अर्ज त्याच्यावर उभा करू नका.

आता नकाराचं पहिलं कारण. ‘जागा रिकामीच आहे, मग रोजगाराचं नुकसान कसलं?’ असं तुम्ही विचारता. सामान्य माणसाच्या नजरेने प्रश्न बिनतोड आहे. पण कौन्सिलच्या बाजूने बघा. २०१३ पासून ऑफिसांचे फ्लॅट करायला पूर्ण परवानगीची गरज राहिली नाही, आणि ऑगस्ट २०२१ पासून ती वाट आणखी रुंद झाली. त्यामुळे बऱ्याच कौन्सिलं उरलेल्या ऑफिसांना घट्ट धरून बसल्या आहेत. एकदा गेलेली जागा परत येत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. म्हणून स्थानिक आराखड्यात बहुधा अट असते की ही जागा ऑफिस म्हणून वाजवी भाड्यात, ठरावीक काळ, खरोखर बाजारात ठेवली होती आणि कोणी आलं नाही, हे दाखवा. जागा रिकामी आहे हे सगळ्यांना दिसतं. ती भाड्याने देण्याचा प्रयत्न झाला होता, हे मात्र कागदावर दाखवावं लागतं.

तुमच्या अर्जात हा पुरावा अजिबात नाही! आणि तो तुमच्याकडे नसून एजंटाकडेच आहे. जागेची जाहिरात केव्हापासून केली, कुठे केली, भाडं काय मागितलं, किती जण बघून गेले, त्यांनी नको का म्हटलं, भाडं कमी केलं का, याची नोंद त्याच्याकडून सहीनिशी मागा. जागा जावी ही गरज लँडलॉर्डचीही आहे, तेव्हा संकोच करू नका. शिवाय तुमच्याकडे किती शिक्षक पगारावर आहेत, किती तास काम करतात, हे अर्जात लिहा. रोजगार म्हणजे फक्त कॉम्प्युटरसमोर बसलेली माणसं नव्हेत. तुम्ही ती ओळ कोरी सोडली आहे.

दुसरं कारण अवघड आहे, आणि माझ्या मते अर्ज तिथेच पडला. तुम्ही लिहिलंत, ‘शिक्षक चार, पार्किंगच्या जागा चौदा, म्हणजे पार्किंग भरपूर.’ हा हिशेब ऑफिसचा झाला. ऑफिसात माणूस सकाळी गाडी लावतो ती संध्याकाळपर्यंत हलत नाही. वर्गाचं तसं नसतं. तुमच्या वेळापत्रकात साडेचार ते सहा एक बॅच आणि सहा ते साडेसात दुसरी, प्रत्येकी तीस मुलं. आता सहा वाजता दारात उभ्या राहा. तीस मुलं बाहेर पडताहेत, तीस आत येताहेत. भावंडं एकत्र येतात, काही पालक दोघा-तिघांना एका गाडीत आणतात, ते सगळं वजा केलं तरी चाळीस-पंचेचाळीस गाड्या दहा मिनिटांत चौदा जागांसाठी येतात. पाऊस असला तर कोणी लांब गाडी लावून चालत येणार नाही. ‘एकच मिनिट’ म्हणून गाडी रस्त्यातच उभी राहणार, मागचं दार उघडणार, पोरगं दप्तर ओढत उतरणार, आणि साडेचारच्या बॅचला तर त्याच वेळी छपाईवाल्याची व्हॅन मागे येत असणार. हे चित्र त्या सहाही पत्रांत आहे, तुमच्या अर्जात कुठेच नाही. अधिकारी दुसरा काय निर्णय देणार?

यावर उपाय आहे, आणि तो बहुतांशी वेळापत्रकात आहे. एखाद्या मंगळवारी चार ते सात त्या पार्कात उभ्या राहा आणि दर पंधरा मिनिटांनी लिहून काढा: किती जागा भरलेल्या, किती व्हॅन आल्या, कोणतं शटर केव्हा बंद झालं. शनिवारी सकाळी हेच करा. माझा अंदाज आहे की संध्याकाळी साडेपाचनंतर पार्क झपाट्याने रिकामा होतो आणि शनिवारी तिथे चिटपाखरू नसतं. तसं निघालं तर आठवड्याच्या दिवशी एकच बॅच ठेवा, पावणेसहाला सुरू होणारी, तीही पंधरा-पंधराच्या दोन गटांत, वीस मिनिटांच्या अंतराने. बाकीच्या बॅच शनिवारी न्या आणि दोन बॅचमध्ये वीस मिनिटांची फट ठेवा, म्हणजे आधीच्या गाड्या गेल्याशिवाय पुढच्या येणार नाहीत. साडेचारच्या बॅचची मागणी जास्त आहे हे मला माहीत आहे, कामावरून येणाऱ्या आई-बापांना तीच सोयीची. पण परवानगी त्या एका तासापायी अडली आहे.

हे सगळं अर्जात वचन म्हणून न लिहिता अट म्हणून मागा. एका वेळी इमारतीत जास्तीत जास्त इतकी मुलं, वर्ग या वेळेत, पालकांनी गाडी लावून मूल दारापर्यंत आणून सोडायचं, रस्त्यात उतरवायचं नाही, आणि आत-बाहेर होण्याच्या वेळी पिवळं जॅकेट घातलेला एक माणूस बाहेर उभा. प्लॅनिंगच्या भाषेत या अटी परवानगीला जोडता येतात, आणि तुम्ही त्या मोडल्या तर कौन्सिल कारवाई करू शकते. शेजाऱ्यांचा आणि अधिकाऱ्यांचा विश्वास त्यामुळेच बसतो. राष्ट्रीय धोरण सांगतं की वाहतुकीच्या कारणावरून नकार द्यायचा तर रस्त्याच्या सुरक्षिततेवरचा परिणाम न स्वीकारण्याजोगा हवा किंवा रस्त्यांवरचा एकूण ताण गंभीर हवा. म्हणजे कसोटी तुमच्या बाजूची आहे. फक्त आकडे तुम्ही द्यायला हवेत. तुम्ही दिले नाहीत तर लोक भीतीने अंदाज बांधतात.

शक्य असेल तर तीन वर्षांची तात्पुरती परवानगी मागायचा विचार करा. नव्या वापराचा परिणाम प्रत्यक्षात बघता यावा म्हणून अशी परवानगी देता येते. रोजगाराची जागा कायमची जाईल ही कौन्सिलची भीती त्याने अर्धी होते. तोटाही सांगते: तीन वर्षांच्या परवानगीवर पार्टिशन आणि फर्निचरचा मोठा खर्च करायला तुमचं मन धजणार नाही, आणि धजू नये.

आणखी एक मुद्दा तुमच्या पत्रात नाही, पण शेजाऱ्यांच्या मनात नक्की आहे. आज त्यांचं काम बिनतक्रार चाललं आहे. उद्या मुलं आली की ‘कटिंग मशीनचा आवाज बंद करा’ म्हणून तुम्हीच कौन्सिलकडे जाल, अशी त्यांना धास्ती असते. २०१८ पासून राष्ट्रीय धोरणात स्पष्ट आहे की नंतर आलेल्याने आधीपासून असलेल्या धंद्यावर अवाजवी बंधनं आणू नयेत, आवाजाचा बंदोबस्त नंतर येणाऱ्याने करायचा. त्यांच्याकडे जाऊन आपणहून सांगा की आवाजाची तक्रार आम्ही करणार नाही, खिडक्यांचं काय ते आम्ही बघू. तुम्ही पहिल्या अर्जाआधी एकाही शेजाऱ्याला भेटला नाहीत. त्यांना तुमचा बेत कळला तो विजेच्या खांबाला बांधलेल्या पिवळ्या नोटिशीवरून. गावाकडे आपण बोअर मारायची तरी आधी बांधाला बांध असलेल्या माणसाच्या कानावर घालतो. आता जा, नव्या वेळापत्रकाची प्रत घेऊन जा. छपाईवाल्याकडे सगळ्यात आधी. सातच्या सात मागे हटतील असं नाही, तशी गरजही नाही. हरकतींची संख्या म्हणजे मतदान नव्हे. पण तिघांनी जरी ‘या वेळा आम्हाला चालतील’ असं दोन ओळींत लिहून दिलं, तर अर्जाचा रंग बदलतो.

आता यजमानांचा सल्ला. तुमची तगमग त्यांना बघवत नाही म्हणून ते म्हणताहेत, हे कळतं. त्यांनी ऐकलेली ‘दहा वर्षं’ही खोटी नाहीत: परवानगीविना केलेला असा वापरबदल अखंड दहा वर्षं चालला तर त्यावर कारवाईची मुदत संपते. पण सात शेजारी आधीच लिहून बसले असताना तुम्ही दहा वर्षंच काय, दहा दिवस तरी नजरेआड राहाल का? आणि मुद्दाम लपवलं असं दिसलं तर त्या मुदतीचा आधारही काढून घेता येतो. एन्फोर्समेंट नोटीस, म्हणजे ‘हा वापर बंद करा’ असा कौन्सिलचा आदेश, आली आणि तिची मुदत उलटूनही वर्ग चालू राहिले, तर तो फौजदारी गुन्हा होतो. विमा कंपनीला इमारतीचा वापर खोटा सांगितलेला असेल तर काही अघटित घडल्यावर ती हात वर करेल.

याहून मोठं कारण माझ्या लेखी वेगळं आहे. २७ जुलै २०२४ ला दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी शिरलं आणि यूपीएससीचा अभ्यास करणारी तीन मुलं बुडून गेली. त्या तळघराला परवानगी सामान ठेवण्याची होती, आणि तिथे वाचनालय चालत होतं. त्याआधी, २४ मे २०१९ ला, सुरतेत एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरच्या क्लासला आग लागली आणि बावीस जण गेले. वरून उड्या मारणाऱ्या मुलांची ती दृश्यं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. दोन्ही ठिकाणी शिकवणं चांगलंच चाललं असेल. इमारत मात्र मुलांसाठी तयार नव्हती, आणि ती तयार आहे का हे विचारण्याची पायरी कोणीतरी गाळली होती. तुमचं ऑफिस तळमजल्यावर आहे, इंग्लंडात आहे, धोका तसा नाही, मान्य. पण वापर बदलतो तेव्हा बिल्डिंग रेग्युलेशन्सही, म्हणजे इमारतीच्या बांधणीचे आणि सुरक्षिततेचे नियमही, नव्याने लागू होतात आणि आगीच्या धोक्याची नोंद नव्याने करावी लागते. बाहेर पडायच्या वाटा, दारं कोणत्या बाजूला उघडतात, तीस मुलांना शौचालयं किती, हे सगळं त्यात येतं. प्लॅनिंगची परवानगी मिळाली म्हणजे हे झालं असं नव्हे, दोन्ही अर्ज वेगळे असतात. गुपचूप सुरू केलं तर यातलं काहीच होणार नाही, आणि पोरं दुसऱ्यांची आहेत.

अपिलाबद्दल मी तुमच्या भागीदारणीशी अर्धीच सहमत आहे. अपील प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट या कौन्सिलबाहेरच्या सरकारी यंत्रणेकडे जातं, त्याला फी नाही, आणि मुदत सहा महिने आहे. पण अपील म्हणजे आहे त्याच अर्जाकडे दुसऱ्या माणसाने बघणं. नवं वेळापत्रक, नवे आकडे, जागेच्या जाहिरातीचा पुरावा हे सगळं अपिलात मागून आणून भरायला वाव जवळपास नसतो. तुमचा पहिला अर्ज, राग मानू नका, कच्चा होता. त्यावर इन्स्पेक्टरनेही नाही म्हटलं तर तो नकार पुढच्या प्रत्येक अर्जाच्या आड येईल. म्हणून नवा अर्ज करा. पूर्वी वर्षाच्या आत दुसरा अर्ज फुकट करता यायचा, ती सवलत डिसेंबर २०२३ पासून बंद झाली, फी पुन्हा भरावी लागेल. अर्जाआधी कौन्सिलचा पूर्वसल्ला पैसे देऊन घ्या, आणि ज्या अधिकाऱ्याने नाकारलं त्याच्याकडूनच मिळाला तर उत्तम. त्याला एवढंच विचारा: या वेळा, ही संख्या, हा पुरावा आणला तर तुमचं कोणतं कारण उरतं? अपिलाचा हक्क मुदतीपर्यंत हातात राहू द्या.

सही मात्र महिनाअखेरीस करू नका. परवानगी मिळाली तरच लीज लागू होईल, असा सशर्त करार इथे सर्रास होतो, सॉलिसिटरकडून तो करून घ्या. लँडलॉर्ड तयार नसेल तर परवानगीची सगळी जोखीम त्याला तुमच्या गळ्यात मारायची आहे, आणि मग अनामत सोडून बाहेर पडलेलं स्वस्त. लीजमधलं वापराचं कलमही तपासा. कौन्सिलने हो म्हटलं आणि लीजमध्ये ‘फक्त ऑफिस’ असेल तर पुन्हा अडकाल.

आणि हे सगळं करत असताना मनातून त्या एकाच जागेला चिकटून राहू नका. चर्चचा हॉल, जुनं वाचनालय, बंद पडलेलं ट्रेनिंग सेंटर या इमारती बऱ्याचदा आधीच एफ-वनमध्ये असतात. तिथे तुम्ही गेलात तर, जुन्या परवानगीत वेगळी अट नसेल तर, वापरबदल होतच नाही. मोठ्या कंपन्यांनी बिझनेस पार्कांतच उघडलेली ट्रेनिंग सेंटरं कोविडनंतर रिकामी झाली आहेत. एजंटाला ‘ऑफिस दाखव’ म्हणण्याऐवजी ‘एफ-वन काय आहे ते दाखव’ म्हणा. सेकंडरी शाळाही संध्याकाळी आणि शनिवारी वर्ग भाड्याने देतात. तिथे पालकांच्या गाड्यांची सवय रस्त्याला आधीपासून असते.

घरी शिकणाऱ्या मुलांसाठी दिवसाही वर्ग काढायचा विचार तुम्ही जाता जाता लिहिला आहे. तो या अर्जात मिसळू नका. सक्तीच्या शिक्षणाच्या वयाची पाच किंवा जास्त मुलं पूर्ण वेळ शिकत असली तर ती शाळा ठरते आणि शिक्षण खात्याकडे नोंदणी लागते. नोंदणीविना चालवणं गुन्हा आहे. आठवड्याला अठरा तासांच्या वर गेलं की सहसा पूर्ण वेळ धरतात.

रविवारच्या मराठी वर्गाचं विचारलंत की तो अर्जात दाखवू की नको, ‘कम्युनिटी’ शब्द दिसला की पुन्हा कोणी फाटे फोडेल. दाखवा. न दाखवता भरवलात तर अटीचा भंग होईल, आणि तो शोधायला आता लोक टपलेले आहेत. रविवारी तिथे एकही कंपनी उघडी नसते, म्हणजे वाहतुकीच्या दृष्टीने तुमच्या सगळ्या वर्गांत निर्धोक तोच आहे. मुलांची संख्या आणि वेळ लिहा, गणेशोत्सवाचा किंवा दिवाळीचा कार्यक्रम तिथे होणार नाही हेही लिहा, आणि तो खरोखर हॉलमध्येच करा. अर्ज लिहायला तज्ज्ञाची फी परवडत नसेल तर रॉयल टाउन प्लॅनिंग इन्स्टिट्यूट या प्लॅनिंगतज्ज्ञांच्या संस्थेच्या ‘प्लॅनिंग एड’ या सल्लासेवेकडे चौकशी करा.

तुमच्यासारख्या जागा शोधणाऱ्या इतर वाचकांनी अनामत भरण्याआधी एजंटाकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: मूळ परवानगीची प्रत, आणि जागेचा सध्याचा कायदेशीर वापर कोणत्या वर्गात आहे ते. तुमचा वापर कुठे बसतो याबद्दल खरोखर शंका असेल तर कौन्सिलकडून ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’, म्हणजे तो वापर कायदेशीर असल्याचा दाखला, मागता येतं. उत्तर काहीही आलं तरी ते कागदावर असतं.

अपिलाचे सहा महिने निर्णयपत्रावर छापलेल्या तारखेपासून मोजा. तुम्ही पत्र उघडलंत त्या दिवसापासून नव्हे.